दुर्योधन सुधारला असता काय?

गोष्ट सांगणारी आजी क्षणभर थांबली, की मांडीवरचे मूल विचारते, "हा माणूस चांगला की वाईट?" उत्तर मिळाले की त्याचे समाधान होते. राम चांगला, रावण वाईट. भीम चांगला, दुर्योधन वाईट. एवढे एकदा ठरले, म्हणजे टाळ्या कोणासाठी वाजवावयाच्या हेही ठरते. पाच-सहा वर्षांच्या वयाला हा न्याय पुरतो. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला मात्र तो पुरत नाही, आणि पुरूही नये. त्या वयात एक अधिक अवघड प्रश्न मनात डोकावू लागतो. वाईट म्हणजे किती वाईट? आणि त्या माणसाला चांगले होता आलेच नसते काय?

या प्रश्नाचा विचार करण्यास महाभारतातील दुर्योधनाएवढा योग्य पुरुष शोधूनही सापडावयाचा नाही. असा राजा हस्तिनापुरात खरोखर होऊन गेला की नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकांनी पाहावे. येथे विचार करावयाचा तो काव्यातल्या दुर्योधनाचा. ज्याची कृत्ये आणि ज्याचे शब्द कवीने वाचकापुढे उघडे मांडून ठेवले आहेत, त्या पुरुषाचा. त्याच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. जुन्या पिढीतील पुष्कळ लोक म्हणत, तो कलीचा अंश, जन्मतःच दुष्ट. त्याच्या हातून दुसरे काय व्हावयाचे होते? उलट, अलीकडच्या काही कादंबऱ्या वाचलेले तरुण म्हणतात, तो बिचारा दिलदार, मित्रासाठी जीव टाकणारा राजा. जिंकणाऱ्यांनी त्याला काळे फासले. ही दोन्ही मते सोपी आहेत, आणि मूळ काव्य नीट वाचले तर दोन्ही टिकत नाहीत.

जन्मापासूनच आरंभ करावा. दुर्योधन जन्मला तेव्हा कोल्हे आणि इतर मांसभक्षक प्राणी ओरडू लागले, असे महाभारतात सांगितले आहे. ती अशुभ चिन्हे पाहून विदुराने धृतराष्ट्राला सल्ला दिला, की कुळाच्या हितासाठी या एका मुलाचा त्याग करावा. विदुर हा महाभारतातील अत्यंत शहाणा पुरुष होय. तरीही त्याचा हा पुरावा कोणत्याही न्यायासनापुढे टिकणार नाही. कोल्हे रोजच ओरडतात. त्या रात्री हस्तिनापुरात आणखीही काही मुले जन्मली असतील. ज्याने अजून धड डोळे उघडले नाहीत, त्याच्या कपाळावर "दुष्ट" असा शिक्का मारणे हा न्याय नव्हे. वर्गातही कधी कधी असे घडते. एखाद्या मुलाला एकदा "द्वाड" हे नाव पडले, की फुटलेली काच त्याच्याच नावावर जाते आणि हरवलेले पेन त्याच्याच दप्तरात शोधले जाते. दुर्योधनाने पुढे जे केले त्याचा जाब त्याला अवश्य विचारावा. कोल्ह्यांच्या ओरडण्याचा जाब त्याला विचारता येणार नाही.

त्याचे बालपणही एकदा निःपक्षपातीपणे पाहिले पाहिजे. शंभर कौरवांना एकटा भीम पुरून उरत असे. ते फळे काढण्यासाठी झाडावर चढले, की भीम बुंध्याला लाथ मारून झाड गदगदा हलवी, आणि फळांबरोबर मुलेही खाली पडत. पाण्यात खेळताना तो दहा-दहा जणांना एकदम कवटाळून बुडवी आणि अर्धमेले झाले म्हणजे सोडून देई. भीमाच्या मनात द्वेष नव्हता, हा केवळ पोरपणा होता, असे कवीने आवर्जून म्हटले आहे. ते खरेही असेल. परंतु ज्याच्या नाकातोंडात पाणी जाते, त्याला बुडवणाऱ्याच्या मनातले दिसत नाही. दुर्योधनाला भीमाचा राग आला, यात काही नवल नाही. त्या जागी दुसरा कोणताही मुलगा असता तरी त्याला राग आलाच असता.

पण राग येणे आणि विष घालणे, यांमध्ये फार मोठे अंतर आहे. रागावलेला मुलगा भांडतो, वडिलांकडे तक्रार करतो, फार तर एखादा दगड भिरकावतो. दुर्योधनाने तसे केले नाही. त्याने गंगेच्या काठी जलक्रीडेचा बेत केला, पक्वान्ने करविली, भीमाच्या अन्नात विष कालवले आणि गोड बोलत ते त्याला स्वतः भरवले. मग भीम निश्चेष्ट पडेपर्यंत तो थांबला, वेलींनी त्याचे हातपाय बांधले आणि त्याला पाण्यात ढकलून दिले. भीम वाचला तो दैवाने. या कृत्यात संतापाचा झटका नाही. येथे बेत आहे, धीर आहे आणि चेहऱ्यावर हसू आहे. खलपुरुषाचे माप घेताना त्याने काय केले याइतकेच, ते करताना त्याला विचार करण्यास किती वेळ मिळाला होता हेही मोजावे लागते. दुर्योधनाला नेहमीच भरपूर वेळ मिळालेला दिसतो.

असे असताही, याच दुर्योधनाच्या नावावर एक उजळ दिवस जमा आहे. राजपुत्रांच्या शस्त्रविद्येची परीक्षा चालू होती. कर्ण पुढे आला आणि अर्जुनाने केले ते सारे त्यानेही करून दाखवले. तेव्हा कृपाचार्यांनी त्याला त्याचे कुळ विचारले. कर्णाची मान खाली गेली. थोड्या वेळाने म्हातारा सारथी अधिरथ तेथे आला, आणि कर्ण त्याचा मुलगा आहे असे पाहून भीम म्हणाला, की तू आपला हाती चाबूक घे. त्या मंडपात भीष्म होते, द्रोण होते, विदुर होता. कोणीही तोंड उघडले नाही. बोलला तो एकटा दुर्योधन. शूरांचे आणि नद्यांचे मूळ पाहू नये, अशा अर्थाचे तो बोलला. आणि त्याने त्याच ठिकाणी कर्णाला अंगदेशाचा राजा केले. यात त्याचा स्वार्थ होता, असे कोणी म्हणेल. होताच. अर्जुनाला तोडीस तोड असा धनुर्धर त्याला हवा होता. पण दुधात पाणी मिसळले म्हणून दूध नाहीसे होत नाही. जन्मावरून माणसाचा अपमान होत असता सारे थोर पुरुष गप्प बसले आणि खलनायकाने त्याला हात दिला, ही गोष्ट कवीने लपवलेली नाही. वाचकानेही लपवू नये. दुर्योधनाला काय योग्य ते कळत होते, याचा हाच पुरावा आहे. पुढे हाच पुरावा त्याच्यावर उलटतो.

त्यानंतरची हकिकत सर्वांच्या परिचयाची आहे. वारणावतात लाखेचे घर बांधून कुंतीसह पाचही पांडवांना जाळण्याचा बेत झाला. विदुराने सावध केल्यामुळे ते भुयारातून निसटले. मात्र या प्रसंगातील एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या रात्री एक निषाद स्त्री आपल्या पाच मुलांसह त्या घरात निजली होती. घराला आग लावली ती भीमाने, आणि ती सहाही माणसे जळून गेली. राखेत सहा प्रेते सापडली, म्हणूनच पांडव मेले अशी सर्वांची खात्री झाली. त्या सहा जणांची नावेसुद्धा महाभारतात नाहीत. दुर्योधनाचा अपराध यामुळे तिळभरही कमी होत नाही. पण ज्यांच्यासाठी टाळ्या वाजवावयाच्या, त्यांचेही हात पाहून घ्यावेत.

पुढे मयसभेचा प्रसंग येतो. दुर्योधनाने स्फटिकाची जमीन पाहून पाणी समजून वस्त्रे वर धरली, आणि पाण्याला जमीन समजून तो आत पडला. लोक हसले. येथे कीर्तनांतून, नाटकांतून आणि चित्रपटांतून एक वाक्य हटकून ऐकू येते, की आंधळ्याचा मुलगा आंधळाच असे द्रौपदी म्हणाली, आणि त्या अपमानातून सारे महाभारत घडले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने देशभरातील शेकडो हस्तलिखिते ताडून पाहून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ साली आरंभलेले हे काम १९६६ साली पुरे झाले. त्या आवृत्तीत द्रौपदीच्या तोंडी हे वाक्य नाही. भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आणि सेवक हसले, असे तेथे आहे. द्रौपदीही स्त्रियांसह हसली, ही तक्रार दुर्योधनाने नंतर आपल्या बापापुढे केली आहे. हसणे चांगले नव्हे. पण न बोललेले शब्द एका स्त्रीच्या तोंडी घालून तिच्या विटंबनेचे कारण तिच्याच पदरात टाकावयाचे, ही खलपुरुषाचे ओझे हलके करण्याची फार जुनी आणि फार वाईट रीत आहे. ज्याने ओझे उचलले, त्याच्याच खांद्यावर ते राहू द्यावे.

द्यूतसभेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. दासी म्हणून द्रौपदीला सभेत ओढून आणविणाऱ्या आणि तिला मांडी उघडी करून दाखविणाऱ्या दुर्योधनाच्या बाजूने बोलावे असे काहीही नाही. एवढेच पाहावे, की त्या सभेत विकर्ण उभा राहिला आणि हा अधर्म आहे असे स्पष्ट म्हणाला. विकर्ण हाही धृतराष्ट्राचाच पुत्र. आई तीच, बाप तोच, घर तेच, आणि मामा शकुनीही तोच. तेव्हा दुर्योधन असा झाला तो रक्तामुळे किंवा घरामुळे, असे म्हणणाऱ्यांनी आधी विकर्णाचे काय ते सांगावे.

परंतु तो सुधारला असता की नाही, याचा खरा निकाल द्यूतसभेत लागत नाही. तो द्वैतवनात लागतो. हा प्रसंग मुलांच्या पुस्तकांतून बहुधा गाळलेला असतो, आणि तो गाळल्यामुळे दुर्योधन अर्धाच कळतो.

पांडव वनवासात वल्कले नेसून राहत होते. त्यांची ती दशा डोळ्यांनी पाहावी आणि आपले वैभव त्यांना दाखवावे, या हेतूने दुर्योधन निघाला. गुरांची मोजदाद करावयाची आहे, अशी सबब त्याने धृतराष्ट्राला सांगितली. वनात त्याची गंधर्वांशी गाठ पडली. लढाई झाली, कर्णालाही रणातून पळावे लागले, आणि गंधर्वराज चित्रसेनाने दुर्योधनाला राजस्त्रियांसह पकडून बांधून चालवले. त्याचे मंत्री धावत गेले ते युधिष्ठिराकडेच. दुसरे कोणी जवळ नव्हते. भीमाला आनंद झाला. आपण जे करणार होतो ते दुसऱ्यांनी परस्पर केले, असे तो म्हणाला. युधिष्ठिराने त्याला गप्प केले. घरात भांडणे असतात, पण परक्याने आपल्या माणसांना बांधून न्यावे आणि आपण पाहत बसावे हे होणे नाही, असे सांगून त्याने भावांना धाडले. त्यांनी दुर्योधनाला सोडवून आणले. त्याला पाहून युधिष्ठिर टोचून बोलला नाही. असे साहस पुन्हा करू नकोस, सुखाने घरी जा, एवढेच तो म्हणाला.

दुर्योधन मान खाली घालून निघाला. वाटेत त्याला कर्ण भेटला. कर्णाला यातले काहीच ठाऊक नव्हते. गंधर्वांना जिंकल्याबद्दल तो मित्राचे अभिनंदन करू लागला. दुर्योधनाला येथे गप्प राहता आले असते. खोटी कीर्ती आयती चालून आली होती. पण त्याने ती घेतली नाही. आपण हरलो, बांधले गेलो, आणि ज्यांना हसावयास आलो होतो त्यांनीच आपले प्राण वाचवले, हे सारे त्याने आपल्या तोंडाने सांगितले. मग त्याने राज्य दुःशासनाला देऊ केले आणि अन्नपाणी सोडून मरण्याचा निश्चय करून तो दर्भावर बसला.

खोटे बोलण्याची संधी असूनही खरे बोललेला आणि लाजेने खचलेला हा दुर्योधन पाहिला, म्हणजे हा जन्मतःच दुष्ट होता, हे मत सोडून द्यावे लागते. लाज वाटणे हे मन जिवंत असल्याचे लक्षण होय. आणि त्या वेळी त्याला योग्य सल्ला कोणी द्यावा? शकुनीने! पांडवांचे हे उपकार आनंदाने स्मर, त्यांचे राज्य त्यांना परत दे, भावांशी गोडीने राहा, असे शकुनीने त्याला सांगितले. ज्याने फासे टाकून हे सारे घडवले, तोसुद्धा त्या दिवशी योग्य तेच बोलला. महाभारतात याहून विलक्षण क्षण थोडेच असतील.

दुर्योधनाने मात्र ऐकले नाही. त्याच रात्री दानवांनी त्याला पाताळात नेले, आणि तुझ्या शत्रूंना मारण्यास आम्ही योद्ध्यांच्या अंगात शिरून तुला साहाय्य करू असे वचन दिले. सकाळी त्याला ते सारे स्वप्नासारखे वाटले. ते दानव होते, की त्याच्याच मनात दडलेली इच्छा होती, हे कोणी सांगावे? एवढे खरे, की त्याने उपवास सोडला, आणि ज्यांनी जीव वाचवला त्यांना मारण्याचा निश्चय मनाशी घेऊन तो हस्तिनापुराला परतला. लाजेचे दोन मार्ग असतात. एक क्षमा मागण्याकडे जातो. दुसऱ्या मार्गाने जाणारा मनुष्य, आपली लाज ज्याने पाहिली त्याचाच द्वेष करू लागतो. दुर्योधनाने दुसरा मार्ग धरला, आणि तो धरला तेव्हा त्याला पहिला मार्ग स्पष्ट दिसत होता.

युद्धापूर्वी कृष्ण शिष्टाईसाठी आला, पाच गावांवर समेट होण्यासारखा होता, गांधारीने भर सभेत मुलाची समजूत घातली. तरी सुईच्या टोकाएवढी भूमी देणार नाही, हे त्याचे उत्तर प्रसिद्धच आहे. त्याच सभेत कण्व ऋषींनी उपदेश केला, तेव्हा तो मांडीवर थाप मारून म्हणाला, की ईश्वराने जसे मला घडवले तसा मी वागतो. या बडबडीचा काय उपयोग? आपल्याला धर्म कळतो पण वळत नाही, अशा अर्थाचा एक श्लोक दुर्योधनाच्या नावाने लोकांना पाठ असतो. तो मूळ महाभारतातला नव्हे. पांडवगीता नावाच्या स्तोत्रातला आहे. मात्र कण्वांना दिलेले हे उत्तर महाभारतातलेच, आणि ते श्लोकाहून अधिक उद्धट आहे. श्लोकात निदान खंत आहे. येथे तीही नाही. दुर्योधनाला सुधारणे शक्य नाही, असे जर कोणी ठामपणे म्हटले असेल, तर ते विदुराने किंवा कृष्णाने नव्हे. कृष्ण तर समजावण्यासाठी इतक्या दूर आला होता. ते म्हटले स्वतः दुर्योधनाने. ज्याने कर्णासाठी जन्माचा पुरावा झुगारून दिला, त्याने स्वतःसाठी मात्र घडणीची सबब पुढे केली.

शेवट पाहावयाचा तो त्याच्या मृत्यूचा. गदायुद्धात भीमाने नियम मोडून त्याच्या मांड्यांवर प्रहार केला. बलरामाने त्याचा निषेध केला, आणि तो योग्यच होता. या मरणाची कथा दोन कवींनी दोन तऱ्हांनी रंगवली आहे. भासाची नाटके गणपतिशास्त्री यांनी १९१२ सालापासून त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध केली. त्यांत 'ऊरुभंग' नावाचे एक छोटे नाटक आहे. त्यात दुर्योधनाचा लहान मुलगा दुर्जय बापाच्या मांडीवर बसावयास येतो, आणि मांड्या मोडल्यामुळे बापाला त्याला बसवून घेता येत नाही. मग दुर्योधन त्याला सांगतो, की पांडवांची माझ्याप्रमाणेच सेवा कर, कुंतीची आज्ञा पाळ, द्रौपदीला आणि अभिमन्यूच्या आईला मातेसमान मान. सूड घेण्यास निघालेल्या अश्वत्थाम्यालाही तो आवरू पाहतो. भासाने त्याच्यासाठी शेवटच्या घटकेला दार उघडले.

महाभारतातील दुर्योधन तसा मरत नाही. धुळीत पडल्या पडल्या तो अश्वत्थाम्याला सेनापती नेमतो. त्याच रात्री अश्वत्थामा निजलेल्या छावणीत शिरून द्रौपदीचे पाचही पुत्र मारतो, आणि पहाटे येऊन ती वार्ता सांगतो. ती ऐकून मरणोन्मुख दुर्योधन प्रसन्न होतो. भीष्मांनी, द्रोणांनी, कर्णाने जे केले नाही ते तू केलेस, असे म्हणून तो प्राण सोडतो. भासाचे चित्र हृदयाला अधिक भिडते, यात शंका नाही. परंतु द्वैतवनातून निघालेली वाट जेथे पोचावयाची तेथेच महाभारताने ती पोचवली आहे, आणि म्हणून महाभारताचेच चित्र खरे वाटते. कृत्याचाच विचार केला, तर त्या रात्री अश्वत्थामा दुर्योधनाहून अधिक क्रूर ठरतो. पण अश्वत्थामा बापाच्या कपटी वधाने पिसाळला होता. दुर्योधनाने तो आनंद शांत मनाने घेतला.

आणि तरीही महाभारताने त्याला नरकात टाकून हात झटकले नाहीत. सर्वांत शेवटी युधिष्ठिर स्वर्गात जातो, तेव्हा त्याला तेथे दिसतो तो दुर्योधन. सूर्यासारखा तेजस्वी, उत्तम आसनावर बसलेला. रणात न भिता देह ठेवला म्हणून त्याला हे स्थान मिळाले, येथे वैरे उरत नाहीत, असे नारद हसून सांगतो. द्वैतवनात ज्याने त्याचे बंध सोडविले, तो युधिष्ठिर येथे मात्र त्याच्याकडे पाहावयास तयार होत नाही. नारदाचे बोलणे त्याने ऐकून घेतले. आणि आपले भाऊ, द्रौपदी आणि कर्ण कोठे आहेत, तेथे आपल्याला नेऊन पोचवा, एवढेच तो म्हणाला.